आईचा कप्पा आवरायचा कसा?

ताई,

माझी आई जाऊन दीड वर्ष झालं. तिचे स्वेटर, शाली, चष्मा, पत्रं असं सगळं मी आमच्या बेडरूमच्या कपाटात आणून ठेवलं. त्यात आधीच मुलीचे लहानपणचे कपडे होते, मला आता न होणारे ड्रेस होते, ग्रीटिंग कार्डांचे गठ्ठे होते. दार उघडलं की काहीतरी अंगावर येतं. ऑफिसला तेच तेच तीन-चार कपडे घालून जाते, कारण बाकीचे सापडतच नाहीत. दोन महिन्यांपूर्वी मी घरी नसताना नवऱ्याने मदत म्हणून एक पिशवी भरून देऊन टाकली. त्यात आईचा निळा स्वेटर गेला. त्याने माफी मागितली, पण तेव्हापासून माझ्याच्याने एक रुमालही टाकवत नाही. बहीण म्हणते, वस्तूत आई नसते. कळतं, पण वळत नाही. सुरुवात कुठून करू?

— एक वाचक

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर आधी त्या निळ्या स्वेटरबद्दलच लिहावंसं वाटतं. तुम्ही कपाट आवरू शकत नाही याचं कारण आळस नाही आणि शिस्तीचा अभावही नाही. ज्या गोष्टीचा निर्णय तुम्हीच घ्यायला हवा होता, तो तुमच्या माघारी झाला. त्यानंतर हातातलं काहीही सुटू नये असं वाटणं अगदी साहजिक आहे. म्हणून पहिलं काम कपाटाचं नाही, बोलण्याचं आहे. नवऱ्याला शांतपणे सांगा की आईच्या वस्तूंना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पण त्याच्याही बाजूने पाहा. ती खोली त्याचीही आहे आणि रोज सकाळी तोही त्याच कपाटाशी झगडतो. त्याला त्याचा एक अख्खा कप्पा मोकळा करून द्या आणि बाकीचं कधीपर्यंत आवरणार ते मोघम न सांगता तारीख ठरवून सांगा. तारीख समोर असली की माणूस थांबायला तयार होतो.

स्वेटर परत मिळणार नाही, त्याबद्दल खोटा दिलासा देत नाही. तो घातलेला आईचा एखादा फोटो मात्र नक्की शोधा. मोठा करून घ्या आणि तिच्या वस्तूंमध्येच ठेवा.

आता बहिणीच्या वाक्याबद्दल. ते खोटं नाही, पण ज्याच्या हातात आईची शाल आहे त्याला त्याचा काही उपयोग होत नाही. आठवण आणि भावना यांच्याशी संबंधित मेंदूच्या भागांशी वासाचं नातं फार जवळचं असतं. शाल नाकाशी नेली की आई क्षणात समोर उभी राहते, ते काही उगीच नाही. शिवाय आपली झालेली वस्तू सोडणं सगळ्यांनाच जड जातं. काहनमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात काही जणांना साधे कॉफीचे मग दिले होते. ते विकायला त्यांनी जी किंमत मागितली, ती मग न मिळालेले लोक द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. नुकत्याच हातात आलेल्या मगाची ही कथा, तर आईच्या शालीची काय असेल! तेव्हा स्वतःला हळवी, कमकुवत वगैरे म्हणणं आधी बंद करा.

तरीही हे सगळं आहे तसं राहू द्या, असं मी म्हणणार नाही. तुमच्या कपाटात या वस्तू सुखरूप नाहीत. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या कसरीला अंधार लागतो, दाटी लागते आणि महिनोन्‌महिने कुणाचा हात न लागलेली जागा लागते. घामाचे, अन्नाचे डाग असतील तर तिला ते आणखी आवडतं. खातात त्या तिच्या अळ्या. उडताना दिसणारा पतंग कपडा खात नाही, त्यामुळे तो दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. दार उघडताच अंगावर येणारं कोंबलेलं कपाट म्हणजे त्या अळ्यांसाठी सगळी सोयच. आईचं सगळंच ठेवायचा हट्ट धराल, तर त्यातलं जे खरोखर हवं आहे तेही धड राहणार नाही. निवडायचं आहे ते एवढ्यासाठी.

निवडायला मात्र आईपासून बसू नका. बहुतेकजण तिथेच चुकतात. सर्वांत जड गाठोडं पहिल्याच दिवशी उघडतात, दोन पत्रं वाचतात आणि रडून सगळं परत कोंबून ठेवतात. आईचं, मुलीचं, कार्डं, पत्रं असं आठवणींचं जे काही आहे ते न उलगडता दोन-तीन खोक्यांत भरा, वर नाव लिहा आणि कोरड्या जागी बाजूला ठेवा. खोकी नवी आणायची गरज नाही. आवरण्याआधी आणलेले डबे आणि खोके पसाऱ्यातच भर घालतात.

मग उरतील तुमचे रोजचे कपडे. हँगरवर लटकलेला कुठलाही ड्रेस बराच दिसतो, त्यामुळे बघून ठरवू नका. अंगात घाला, चेन लावा, हात वर करा, खुर्चीत बसून बघा. पाच मिनिटांत काढावासा वाटला तर उत्तर मिळालं. 'बारीक झाल्यावर घालीन' या आशेवर ठेवलेले ड्रेस रोज सकाळी दार उघडताच तुम्हाला टोचून बोलतात. फार आवडता एखादा ठेवा, बाकीचे ज्याला होतील त्याला जाऊ देत. उरलेले लावताना रोजचं नजरेसमोर, क्वचित लागणारं वर, जड खाली. विणलेले कपडे टांगू नका, स्वतःच्या वजनाने ओघळतात, त्यांची घडीच बरी. दांडीवर हात सहज सरकेल एवढी मोकळीक हवी. इथपर्यंत आलात की सकाळ सोपी होईल, आणि पुढच्या कामाला लागणारा धीरही यातूनच येईल.

आता आई. तिच्या वस्तू जातवारीने मांडा. सगळे स्वेटर एकत्र, सगळ्या शाली एकत्र. आठ स्वेटर शेजारी ठेवले की लक्षात येतं, त्यांतल्या पाचांबद्दल 'हा आईचा होता' यापलीकडे मनात काही येत नाही. आणि एखादा असा निघतो की कोपराला वेगळ्याच रंगाच्या लोकरीने केलेलं रफू दिसतं. हुबेहूब रंग मिळेपर्यंत थांबायचा तिचा स्वभावच नव्हता, हे आठवून हसूही येतं. तो ठेवायचा. त्याच्या एका बाहीत बाकीच्या पाचांपेक्षा जास्त आई आहे. काही वस्तूंचं मात्र ठरणारच नाही. त्यांचं वेगळं खोकं करा, त्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि बंद करा. तोवर त्यांचा विचार करायचा नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आजारपणातले गाऊन, औषधांचे डबे, शेवटच्या दिवसांतली चादर यांतलं काही तुमच्या कपाटात असेल, तर ते ठेवायचं कुठलंही बंधन तुमच्यावर नाही. त्या वस्तू आईची आठवण कमी आणि तिच्या त्रासाची जास्त करून देतात. विम्याची किंवा कायदेशीर कामाची कागदपत्रं तेवढी वेगळी काढा, बाकीचं निःशंक जाऊ द्या.

देऊन टाकायचं ठरलं तरी हात अडला, तर आधी फोटो काढा. ही केवळ मनाची समजूत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात विद्यापीठाच्या वसतिगृहांत जुन्या वस्तू दान करण्याचं आवाहन केलं होतं. काही वसतिगृहांत 'आठवणीच्या वस्तूंचा फोटो काढा आणि मग द्या' असं सुचवलं, तर तिथे साधारण १५ टक्के जास्त वस्तू जमा झाल्या. फोटोसोबत दोन ओळीही लिहून ठेवा, म्हणजे पुढे तुमच्या मुलीला त्या फोटोचा अर्थ लागेल.

आणि जे ठेवाल ते नीट ठेवा. लोकरीचं, रेशमाचं त्याच्या त्याच्या रीतीने धुऊन किंवा ड्रायक्लीन करून, पूर्ण वाळवून मगच आत जाऊ द्या. ड्रायक्लीनिंगहून आलेलं पातळ प्लास्टिक काढून टाका, आत दमटपणा कोंडतो. लाकडाच्या फळीवर धुतलेली सुती चादर अंथरा, कारण लाकडातल्या आम्लाने कपडा पिवळा पडतो. वर्तमानपत्रात काही गुंडाळू नका, कारण तेच. वर्षातून एक-दोनदा घड्या उलगडून दुसऱ्या रेषेवर घाला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. पत्रांचे रबरबँड आणि पिना काढा. रबर कागदाला चिकटून बसतं आणि पिना गंजतात.

एखादी वस्तू आईच्या वासासाठी न धुता ठेवायची असेल, तर खुशाल ठेवा. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवलीत तर कसरीची भीती मिटते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कपड्यावर पाणी धरतं. वास मात्र हळूहळू विरणारच, त्याची मनाची तयारी ठेवा.

मुलीच्या लहानपणच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील, तर आजच काढा. त्यांच्या वाफेने काही बाळांच्या, विशेषतः जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. पुढेमागे कुणा बाळाला ते कपडे घालायचे झाले तर हे महत्त्वाचं आहे, आणि लहान मुलाने गोळी तोंडात घालण्याचा धोका असतो तो वेगळाच. त्यातले कुठले ठेवायचे हे मुलीला कळत असेल तर तिलाच विचारा. आपण जिवापाड जपलेला फ्रॉक तिला आठवतही नाही, असं बऱ्याचदा होतं.

दीड वर्षानंतर आईच्या आठवणीने डोळे भरणं हा आजार नाही. पण झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, कुणाला भेटावंसं वाटत नाही असं रोजचंच झालं असेल, तर समुपदेशकाशी बोला. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या दुःखाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आता स्वतंत्र स्थान आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. तुम्हाला सुरुवात करायची आहे, हेच त्यात दिसलं.

राहता राहिली बहीण. ती काहीही म्हणत असली, तरी आईची एकही वस्तू तिला विचारल्याशिवाय घराबाहेर काढू नका. जे तुमच्या बाबतीत घडलं ते तुमच्या हातून तिच्या बाबतीत घडायला नको. वस्तूत आई नसते म्हणणाऱ्यांनाही एखादी वस्तू हवी असते, मागायचा संकोच वाटतो एवढंच. तुमचे स्वतःचे कपडे या सुट्टीत एकट्याने आवरून टाका. आईची खोकी उघडायला तिला बोलवा, आणि दिवस तिला ठरवू द्या.