अमेरिकेतल्या नवाहो या मूळ रहिवासी लोकांचे चांदीचे दागिने एवढे महाग का असतात? ही कला हजारो वर्षांची आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. पिरोजा हा दगड नवाहो पूर्वापार वापरत आले, चांदीकाम मात्र जेमतेम दीडशे वर्षांचं. पहिला कारागीर म्हणून अत्सिदी सानीचं नाव घेतात. तो मेक्सिकन लोहाराच्या हाताखाली लोखंड शिकला, चांदी नंतरची. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने या लोकांना शेकडो मैल पायी हाकलत नेऊन डांबलं. 1868 च्या तहानंतर ते घरी परतले आणि मग हे काम पसरलं. चांदी आणायची कुठून? डॉलरची नाणी वितळवायची. त्यावर बंदी आली तेव्हा मेक्सिकन पेसो.

नक्षीही उसनीच. त्यांच्या प्रसिद्ध हारातली ‘भोपळ्याची फुलं’ मुळात स्पॅनिश लोकांची डाळिंबं. मधलं ‘नाजा’ हे पदक घोड्याच्या लगामावरून उतरलंय. आपल्याला ती सरळ चंद्रकोर वाटते.

माझे आजोबा सोनार. मूस, टाकणखार, डाक हे शब्द कानावर पडतच मी मोठा झालो, त्यामुळे न्यू मेक्सिकोत गॅलपजवळ एका कारागिराच्या शेडमध्ये अर्धा दिवस बसायला मिळालं तेव्हा परकं काहीच वाटलं नाही. फक्त साचा नवीन होता. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, टुफा. त्याचे दोन सपाट तुकडे घासून एकमेकांवर बसवायचे, एकावर सुरीने नक्षी उलटी कोरायची, चांदी ओतायला वाट आणि हवा निघायला बारीक चिरा ठेवायच्या. मग आतून काजळी धरायची, म्हणजे चांदी चिकटत नाही. एकदा ओतलं की बहुतेक वेळा दगड तडकतो. दोन दिवसांचं कोरीवकाम एका कड्यासाठी! सपाट ओतलेली पट्टी नंतर कानशीने घासून वाकवतात. दगडाचा खरखरीतपणा आतल्या बाजूला तसाच राहतो. तो घालवून टाका असं आजोबा नक्की म्हणाले असते.

ठोकून नक्षी उमटवायचं, म्हणजे ठशांचं काम वेगळं. ते ठसे कारागीर जुन्या कानशी वगैरे पोलादातून स्वतःच घडवतो. खड्याचं कोंदण आपल्यासारखंच, फक्त जुन्या कामात खड्याखाली बसकण म्हणून लाकडाचा भुसा भरत.

किंमत वाढते ती मजुरीमुळे आणि दगडामुळे. ॲरिझोनातल्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ खाणीतून पिरोजा काढणं 2012 मध्ये थांबलं, तेव्हापासून तिचा आकाशी दगड सोन्यासारखा जपून वापरतात. बाजारात राळ भरून कडक केलेला पिरोजा भरपूर मिळतो. तो खोटा नसतो, पण भाव नैसर्गिक दगडाचा लावला तर फसवणूक.

परदेशी माल ‘इंडियन’ (तिथे अर्थ अमेरिकेतले मूळ रहिवासी) म्हणून खपवणं 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी खपतो. न्यू मेक्सिकोतल्याच सांता फे शहरात गेलात तर गव्हर्नर्स पॅलेसच्या ओसरीत बसणाऱ्यांकडून घ्या. तिथे स्वतःचं किंवा घरच्यांनी केलेलंच विकायचा नियम आहे. कडं उलटं करून आतली बाजू बघा आणि कारागिराच्या खुणेचा ठसा कोणाचा ते विचारा. मी विचारलं तेव्हा विकणाऱ्या बाईंनी शेजारी बसलेल्या मुलाकडे बोट दाखवलं.