वाचकांचे प्रश्न : बाळाचं वजन जास्त भरतं ते कशामुळे?

प्रश्न : माझं पहिलं बाळ 4 किलो 150 ग्रॅमचं होतं. घरात सगळे खूश होते, ‘गुटगुटीत आहे’ म्हणाले. पण डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला आणि बाळंतपण फार अवघड गेलं. आता पुन्हा नववा आठवडा चालू आहे. या वेळी आधीपासून काय पाहावं? (एक वाचक, बारामती)

उत्तर : आधी साखर तपासा, आणि ती याच आठवड्यात. आपल्याकडे पूर्ण दिवसांच्या बाळाचं वजन बहुतेक वेळा पावणेतीन ते तीन किलोच्या आसपास भरतं. चार किलोंच्या पुढचं बाळ जन्मलं की आईला गरोदरपणात मधुमेह होता का, हा प्रश्न विचारायलाच हवा. तुमच्या बाबतीत तो राहून गेलेला दिसतो.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. जादा साखर आली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं, आणि गर्भात हे इन्सुलिन वाढीच्या संप्रेरकासारखं काम करतं. चरबी खांद्यांवर आणि पोटावर साठते. डोकं मात्र त्या मानाने मोठं होत नाही. म्हणून डोकं सुटतं आणि खांदा अडकतो. आईला मधुमेह नसलेल्या, पण तेवढ्याच वजनाच्या बाळापेक्षा या बाळाचा खांदा अडकण्याचा धोका जास्त असतो.

तपासणी सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असण्याची गरज नाही. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार सुरू होतात. चुका होतात त्या मधल्या दोन तासांत: कुणी चहा-बिस्किट खातं, कुणी बाजारात फेरी मारून येतं. तिथेच बसून राहा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. फक्त उपाशीपोटीची साखर पाहून निश्चिंत होऊ नका. आपल्याकडच्या अनेक बायकांची ती ठीक येते आणि जेवणानंतरचीच वाढलेली असते.

आत्ता आकडा ठीक आला तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान तपासणी पुन्हा करायचीच. वार मोठी होत जाते तसं तिच्या संप्रेरकांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि बहुतेकींची साखर तेव्हाच चढते. साखर वाढलेली निघाली तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. तरीही जेवणानंतर दोन तासांनी ती 120 च्या खाली येत नसेल तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनला घाबरू नका, ते वारेतून बाळाकडे जात नाही.

शिवाय मागच्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवा. एकदा खांदा अडकला असेल तर पुन्हा अडकण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. प्रसूती कुठे आणि कशी करायची हे त्यावर ठरतं, त्यामुळे ही गोष्ट तोंडी सांगून भागत नाही.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. ‘दोन जिवांचं खायचं’ म्हणून तिला रोज डिंकाचा लाडू, दोन केळी आणि साखर घातलेलं दूध देते. तिचं वजन आधीच जास्त होतं. चुकतंय का? (एक सासूबाई, सांगली)

उत्तर : तुमची माया खरी आहे, प्रमाण बदलायला हवं. पाचव्या महिन्यात रोजच्यापेक्षा साधारण 350 कॅलरी जास्त पुरतात. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि एक कप बिनसाखरेचं दूध. एवढंच. आधीपासून वजन जास्त असणं आणि नऊ महिन्यांत ते भराभर वाढणं, या दोन्ही गोष्टी मधुमेह नसतानाही बाळाचं वजन वाढवतात. सडपातळ किंवा मध्यम बांध्याच्या स्त्रीचं नऊ महिन्यांत 11 ते 16 किलो वाढलं तर चालतं. आधीच लठ्ठ असेल तर 5 ते 9 किलो पुरे. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतरसाठी ठेवा, तेव्हाही जपून. आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळं, केळं एकाच ताटात देऊ नका. त्याने साखर झपाट्याने वर जाते.

प्रश्न : माझी साखर नॉर्मल आहे. 38 व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ 3.8 किलोचं दाखवलं. सिझेरियनच करावं लागेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निव्वळ या आकड्यावरून नाही. सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो, त्यात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज होते. म्हणजे तुमचं बाळ सव्वातीन किलोचंही असू शकतं किंवा सव्वाचार किलोचंही. आई-वडील उंच असणं, मुलगा असणं, दुसरं-तिसरं बाळंतपण, दिवस वर जाणं यांनीही वजन थोडं वाढतं. त्यात आपल्या हातात फक्त शेवटची गोष्ट आहे: 40 आठवडे उलटले की पुढे किती थांबायचं हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

उलट बाजूही लक्षात घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलं की इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत आपली बाळं वजनाने बरीच कमी असूनही त्यांची चरबी त्या प्रमाणात कमी नसते. म्हणून आईला मधुमेह असेल तर तीन किलोच्या बाळाकडेही तेवढंच लक्ष हवं.

प्रश्न : बहिणीचं बाळ 4.2 किलोचं आहे. एवढं धडधाकट असून त्याच्या टाचेतून सारखं रक्त का घेतात? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचं वाढलेलं इन्सुलिन लगेच ओसरत नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची साखर धोकादायक पातळीला उतरू शकते, आणि ते वरून दिसेलच असं नाही. पहिल्या तासाभरात अंगावर पाजा, नंतर दर दोन-तीन तासांनी, झोपलं असेल तर उठवून. मध किंवा साखरपाणी चाटवू नका. बाळ थरथरतंय, दूध ओढत नाही किंवा खूप सुस्त पडलंय असं वाटलं तर लगेच नर्सला बोलवा. बहिणीला मधुमेह निघाला असेल तर सहा आठवड्यांनी तिचीही 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या. बाळाच्या लशीसाठी जायचंच असतं, त्याच फेरीत ती उरकते.