खेळावर लिहून-बोलून घर चालतं का?

प्रश्न : नमस्कार दादा. माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फुटबॉल खेळायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खेळणं सुटलं, पण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची मॅच अजून चुकवत नाही. गॅलरीत बसून मॅचभर वहीत काहीतरी लिहीत असते. आता पुण्यातल्या एका खासगी संस्थेत ‘क्रीडा संवाद’ (स्पोर्ट्स कम्युनिकेशन) विषयाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करायची म्हणते. फी सहा लाख. माहितीपत्रकात ‘सरासरी पॅकेज ४ लाख २० हजार’ असं छापलंय. तिचे बाबा म्हणतात, बी.एड. कर, शाळेत लाग. शैक्षणिक कर्ज काढावं का? या शिक्षणाला पुढं पगार काय मिळतो?
– एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, आधी त्या ४ लाख २० हजारांचा हिशेब मांडू, कारण कर्जाच्या कागदावर तुमचीही सही लागणार आहे.

वर्षाला ४ लाख २० हजार म्हणजे महिन्याला ३५ हजार, असं आपण धरून चालतो. पण पॅकेजमध्ये कंपनी भरणार तो पीएफ आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. बऱ्याच ठिकाणी दहा टक्के रक्कम ‘कामगिरीनुसार’ म्हणून वर्षाच्या शेवटावर ढकललेली असते. पोरीचा स्वतःचा पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला की हातात २७ हजारांच्या आसपास येतात. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून साडेचौदा हजार धरा. उरले साडेबारा. सहा लाखांच्या कर्जाला साडेदहा टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे १०,१०० रुपये बसतो, आणि शिकत असतानाच्या दोन वर्षांचं व्याज वेगळंच. म्हणजे महिन्याच्या शेवटी तिच्याकडं दोन-अडीच हजार राहतात. एखादं आजारपण आलं तर घरी फोन.

हा हिशेबही नोकरी मिळालीच असं धरून केलेला आहे. संस्थेला जाऊन विचारा : मागच्या बॅचला मुलं किती होती, त्यातली आज खेळाशी संबंधित पगारी कामावर किती आहेत, आणि ती सरासरी सगळ्यांची काढली की फक्त नोकरी लागलेल्यांची? तीन प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरंही लिहूनच मागा.

कर्ज काढून ही पदवी करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पण पोरीनं हे क्षेत्र सोडावं असं मी अजिबात म्हणणार नाही. कारण तुमच्या पत्रातली ती वहीची ओळ. तिच्याकडं नंतर येतो.

या क्षेत्रात पैसा नाही असं नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. पण तो पैसा वरून खाली येताना जिथं थांबतो, तिथं पगार असतो, आणि वार्ताहरापर्यंत तो फारसा येत नाही. मी १९९३ साली या धंद्यात पडलो तेव्हा तालीम संघांच्या फुटबॉल मॅचच्या बातमीला १५ रुपये मिळायचे. आज माझ्याकडं शिकून गेलेल्या मुलांचे आकडे मला माहीत आहेत. कोल्हापुरात दैनिकात किंवा पोर्टलवर खेळाची बातमी करणाऱ्या नवख्याला १२ ते १८ हजार. पुण्या-मुंबईत वेबसाइटच्या क्रीडा डेस्कवर २२ ते ३०. एखाद्या लीगमधल्या संघाचं माध्यमांचं काम किंवा सोशल मीडिया सांभाळायला महिना ३० ते ४५ हजार, पण करार हंगामापुरता. लीग संपली की पगारही संपला, आणि उरलेल्या महिन्यांची सोय आपली आपण बघायची. खेळाडूंची कामं बघणाऱ्या, त्यांच्या जाहिराती आणि प्रसिद्धी सांभाळणाऱ्या कंपन्यांत सुरुवात २८-३५ हजारांवर होते, आणि टिकून काम केलं तर पाच-सहा वर्षांत ७०-८० हजारांवर गेलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणजे खेळाविषयी लिहिणाऱ्यापेक्षा खेळाडूच्या किंवा संघाच्या बाजूनं बोलणाऱ्याला जास्त मिळतं. मला बातमीदारी प्रिय आहे, तरी हे तुमच्यापासून लपवणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात नसेल. मधल्या काही वर्षांत खेळाच्या मजकुराच्या पुष्कळ नोकऱ्या उभ्या राहिल्या त्या पैसे लावून खेळायच्या ॲपच्या जिवावर. आजचा संघ कसा निवडावा, खेळपट्टी कशी आहे, असं रोज लिहायला मुलं लागायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ड्रीम इलेव्हनसारख्या कंपनीनंही पैशांचे खेळ बंद केले. माझ्या दोन विद्यार्थ्यांची नोकरी त्यानंतर महिन्याभरात गेली. दोघंही कामात चोख होते. एक आता गोकुळ शिरगावला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगही हक्कांच्या करारावरून अडकली आणि फुटबॉलवर पोट असलेली मंडळी महिनोन्‌महिने बसून राहिली. पगाराचा आकडा बघताना तो कुणाच्या खिशातून येतो आणि तो खिसा किती दिवस भरलेला राहील, हे बघायला पोरीला शिकवा.

आता वही.

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीच्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक. अर्ध्या तासात माझा फोन तापला. मुंबई, दिल्ली, बंगळूर. सगळ्यांचे प्रश्न तेच : नावाचा उच्चार काय, कांबळवाडी कुठल्या तालुक्यात, थ्री पोझिशन म्हणजे नेमकं काय, आधी कुठं पदकं मिळाली, चांगला फोटो आहे का. मी ज्या कचेरीत उमेदीची वर्षं घालवली तिथं फोन केला, तर त्यांच्याकडं जुना, अंधूक, सत्काराचा एक फोटो. हार आणि पाहुणे स्पष्ट, नेमबाजच दिसत नाही. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, त्या नेमबाजीच्या गावात आमची ही तयारी.

तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. तिनं कुणी न सांगता कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेमबाजांची फाइल ठेवली होती. प्रत्येकाला एक पान. नाव मराठीत आणि इंग्रजीत, स्पेलिंग खेळाडूला विचारून पक्कं केलेलं. गाव, तालुका, प्रशिक्षक, कुठल्या स्पर्धेत किती गुण, आणि खाली शाईच्या पेननं काढलेली तीन छोटी चित्रं : गुडघ्यावर, पालथं पडून, उभं राहून. त्याच क्रमानं, कारण स्पर्धेत क्रम तोच असतो. त्या दिवशी रात्री दोनपर्यंत तिनं चार ठिकाणी काम केलं, कुणाला मजकूर दिला, कुणाला फोनवरून माहिती, आणि सगळ्यांकडून पैसे घेतले. तीन महिन्यांत मुंबईच्या एका कंपनीनं तिला बोलावून घेतलं. तिच्याकडं क्रीडा संवादाची पदवी नाही. आपल्या विद्यापीठातून पत्रकारिता केलेली आहे.

तुमच्या मुलीची वही ही तशी फाइल होऊ शकते, ताई. ती काय लिहिते ते एकदा तिच्याजवळ बसून बघा. गोल कुणी, कितव्या मिनिटाला, पास कुणाचा, बदली खेळाडू कधी आला, कार्ड कुणाला, हे ती टिपत असेल तर पाटाकडील, शिवाजी मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या संघांची अशी नीट आकडेवारी गोळा करणं हेच मोठं काम आहे. पेठापेठांतली माणसं मॅचवरून आठवडाभर वाद घालतात आणि तो वाद मिटवायला कुणाकडं कागद नसतो. तिनं एक अख्खा हंगाम हे करावं. रोज एक पान मराठीत, त्याचंच अर्धं पान इंग्रजीत. मोबाईलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ कापायला शिकावं. मुलींच्या फुटबॉलकडं तर विशेष लक्ष द्यावं, तिथं लिहिणारं कुणी नाही आणि ती स्वतः खेळलेली आहे. गुडघा दुखावल्यावर काय होतं ते तिला कुणी सांगायला नको. जखमी खेळाडूशी बोलताना हे फार कामाला येतं.

शिक्षणाचं म्हणाल तर शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, फी या सहा लाखांच्या जवळपासही नाही, आणि संध्याकाळी ती स्टेडियमवर असू शकते. हंगामाचं काम हातात आलं की मग पुण्या-मुंबईला अर्ज करावेत. तेव्हा तिच्याकडं दाखवायला काहीतरी असेल. त्यानंतरही व्यवस्थापनाचं शिक्षण घ्यावंसं वाटलं तर सिम्बायोसिससारख्या ठिकाणी क्रीडा व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत, पण त्या वेळी नोकरीच्या चार पैशांवर ठरवता येईल.

तिच्या बाबांचं चुकत नाही. ठरलेल्या तारखेला पगार होणं ही साधी गोष्ट नाही, मी वीस वर्षं त्याच्याशिवाय काढली आहेत आणि घरच्यांनी सोसलं आहे. पण बी.एड. झाल्यावरही टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आणि वाट बघणं आहेच. त्यांना एकदा मुलीबरोबर मॅचला जाऊन गॅलरीत बसायला सांगा. दोघांत बोलणं तिथं जास्त मोकळं होईल.

प्रश्न : मी बी.एम.एस. केलं आहे. अमेरिकेत क्रीडा संवादात एम.ए. करावं असं वाटतं. तिकडं पगार डॉलरमध्ये असल्यानं कर्ज लवकर फिटेल ना? मावसभाऊ तिकडंच आहे.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तिथला अभ्यासक्रम चांगला असतो, यात शंका नाही. विद्यापीठांचेच मोठे संघ असतात आणि मुलं पहिल्या वर्षापासून खऱ्या सामन्यांवर काम करतात. पगार सांगतो. अमेरिकी सरकारच्या २०२३ च्या आकडेवारीत जनसंपर्कातल्या माणसाचं मध्यम वेतन वर्षाला ६६,७५० डॉलर होतं आणि बातमीदाराचं ५७,५००. मध्यम म्हणजे निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली. त्यात अनुभवी माणसं आली, तू नवखा खालच्या निम्म्यात असणार.

खरी अडचण व्हिसाची आहे. पदवीनंतर तिथं कामाला साधारण एक वर्ष मिळतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वाढीव दोन वर्षं मिळतात, संवादशास्त्राला सहसा नाही. पुढं एच-१बी हा कामाचा व्हिसा लागतो, आणि तो कंपनीनं अर्ज केला तरच मिळू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, पण ते मुख्यतः अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी; तिथं शिकून तिथंच व्हिसा बदलणाऱ्याला ते लागत नाही, असा खुलासा पुढं झाला. तरीही एखादा बेसबॉल क्लब प्रसिद्धी विभागातल्या नव्या पोरासाठी ही खटपट करेल का, हा विचार तू कर. आणि मावसभाऊ संगणकातला असेल तर त्याचा अनुभव या बाबतीत तुझ्या कामाचा नाही. घर तारण ठेवून जाऊ नकोस. पूर्ण शिष्यवृत्ती किंवा विद्यापीठात सहायकाचं काम मिळालं तर मात्र डोळे झाकून जा.

प्रश्न : सर, मी मंगळवार पेठेत राहतो. यूट्यूबवर लोकल मॅचची मराठी कॉमेंट्री करतो. मॅचला ५०० रुपये मिळतात. मुंबईला जाऊन कॉमेंटेटर व्हायचं आहे. इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?
– वय २१

उत्तर : बाळा, इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबू नकोस. २०२३ च्या आयपीएलला मोबाईलवर मराठी समालोचन आलं, तेव्हापासून आपल्या भाषेत बोलणाऱ्यांना दार किलकिलं झालं आहे. पण त्या खुर्च्या थोड्या असतात आणि माजी खेळाडूंना आधी मिळतात. दर सामन्यामागं पैसे, महिन्याचा पगार नाही. म्हणून पदवी अर्धवट सोडून मुंबईला जाऊ नकोस, ही कळकळीची विनंती.

तोपर्यंत शिकायला गुरू इथंच आहेत. खासबागेत किंवा जत्रेच्या फडात जा आणि कुस्तीच्या निवेदकाजवळ उभा राहा. हलगी वाजत असते, पाच-दहा हजार माणसं कालवा करत असतात आणि तो पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, मागच्या फडात कुणाला चितपट केलं, सगळं तोंडपाठ सांगत असतो. घिस्सा डाव कधी लागला, एकलांगीची पकड कुठं सुटली, हे लांब बसलेल्या म्हाताऱ्याला त्याच्या आवाजातूनच दिसतं. महत्त्वाचं म्हणजे जोड एकमेकांचा अंदाज घेत थांबली की तोही थांबतो. तुम्ही नवी मुलं थांबत नाही. चेंडू मधल्या वर्तुळात असतानाही ‘काय मॅच, काय मॅच’ चालू. एखाद्या फडानंतर त्याला चहाला ने आणि तो नावं कशी लक्षात ठेवतो ते विचार. मोठ्या फडाचं मानधन कसं ठरतं तेही विचार, तो सांगेल.

संयोजकांशी तुझा दर ठरवताना मॅचवर नाही, स्पर्धेवर ठरव. सगळ्या सामन्यांचं मिळून, निम्मे पैसे आधी, कागदावर. आणि तुझ्या शेवटच्या मॅचची पहिली वीस मिनिटं मासिकाच्या पत्त्यावर पेन ड्राइव्हवर पाठव. मी ऐकतो आणि कुठं थांबायला हवं होतं ते वेळेनिशी लिहून कळवतो.