वेल्फेअरबद्दल विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप उडाली. नवऱ्याची वाळूजची नोकरी सोडून पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, कॅनडात ओंटारिओला येताय, तू बी.एड., मुलगी सातवीत, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की सहा महिने नोकरी नाही मिळाली तरी तिथलं सरकार पैसे देतं, घाबरू नका. हे खरं का, हे तुला आधी जाणून घ्यायचंय. ताई म्हणून विचारलंस, तर ताईसारखंच सांगते. लांबेल.

गुण किती लागतात, खात्यात किती पैसे दाखवायचे, मेडिकल कुठे होते, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे. त्यात मी शिरत नाही.

सरकार पैसे देतं, हे खरं. योजनेचं नाव ओंटारिओ वर्क्स, आपली माणसं वेल्फेअर म्हणतात, तेही आवाज खाली करून. एकट्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त 733 डॉलर, आणि हा आकडा 2018 पासून हललेला नाही. कुटुंबाला थोडे जास्त. टोरांटोच्या आसपास बेसमेंटचं भाडं काय चाललंय ते बघ आणि मग हा आकडा त्याच्या शेजारी ठेव. त्यात आणखी एक अट. गाठीचे पैसे एकट्याला 10,000 आणि जोडप्याला 15,000 डॉलरच्या खाली आल्याशिवाय साधारणपणे मदत सुरू होत नाही. म्हणजे जे पैसे दाखवून तुम्ही विमानात बसणार, ते आधी खाऊन संपवायचे. घेतल्याने पीआर जात नाही, ती भीती बाळगू नकोस. पण जोवर घेताय तोवर आईवडिलांना स्पॉन्सर करता येत नाही, म्हणजे आपल्या जबाबदारीवर कायमचं इकडे आणता येत नाही.

मी 14 महिने त्यावर होते. नाशिकला हे आजवर कुणालाही ठाऊक नाही.

आम्ही 2014 च्या ऑगस्टमध्ये आलो. मी अंबड एमआयडीसीत अकरा वर्षं क्वालिटीत होते, नवरा एका बँकेत, मुलगा बारा वर्षांचा. नऊ महिन्यांनी नवरा ‘महिनाभर जाऊन येतो’ म्हणून गेला आणि परत आला नाही. त्याबद्दल इथे आणखी लिहीत नाही. मी आणि मुलगा राहिलो. त्यानंतर आठ महिने मी वेल्फेअरला गेले नाही. पीएफचे पैसे आणले, पाटल्या मोडल्या, एका दुकानात रोख पैशांवर पोळ्या लाटल्या. हात पसरायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. आता रोज समोर तसेच लोक बसलेले बघते, म्हणून तुला सांगते, ते आठ महिने मी वाया घालवले. तेव्हाच गेले असते तर हातात थोडे पैसे राहिले असते, आणि पैसे असताना माणूस नोकरी नीट निवडतो.

अखेर 2016 च्या जानेवारीत अर्ज केला. नवरा वेगळा राहतो याचा पुरावा आणा. नाशिकचा फ्लॅट दोघांच्या नावावर, त्याचा इंडेक्स टू आणा, कर्ज किती बाकी ते आणा. आणि सासऱ्यांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नवऱ्याचं नाव. केसवर्कर, म्हणजे माझी फाइल बघणारी तिथली बाई, मला विचारते, यातला तुझा हिस्सा किती? त्या उताऱ्यावर सात नावं, दोन बोजे, एक विहीर सामाईक. मी तिला इतर हक्कांचा रकाना समजावून सांगत होते आणि ती कीबोर्डवर हात ठेवून थांबली होती, कारण तिच्या फॉर्ममध्ये सामाईक विहिरीसाठी चौकट नव्हती. मग प्रमाणित भाषांतर आणा म्हणाली. भाषांतराचे पैसे पानाप्रमाणे, आणि तेव्हा माझ्या खात्यात तीनशे डॉलरही नव्हते. तीन आठवडे गेले त्यात. तुमच्या नावावर जे काही आहे त्याची इंग्रजी भाषांतरं निघण्याआधी तिथेच करून घे. तू शिक्षिका आहेस, तर विद्यापीठातही आत्ताच स्वतः जाऊन ये. इथल्या शिक्षक नोंदणीला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडून थेट यावा लागतो, आणि इथून फोन करून ती कामं होत नाहीत.

ती केसवर्कर वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. मार्चमध्ये एका एजन्सीतून गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात काम आलं. अट एकच, सेफ्टी शूज स्वतःचे हवेत. एकशे तीस डॉलर. अंबडला कंपनी दरवर्षी नवा जोड द्यायची, जुना मी वॉचमनच्या मुलाला देऊन टाकायचे. आणि इथे त्या बुटांपायी मी काम सोडायला निघाले होते. केसवर्करला फोनवर सहज बोलले, तर म्हणाली, अगं हे तर आम्ही देतो, तू विचारलं नाहीस. बूट, बसचा पास, लायसन्सची फी, मुलाला सांभाळणाऱ्या बाईचे पैसे, कामाला लागण्यासाठी जे आडवं येतं त्यातलं बरंचसं मिळतं. पण आपणहून कुणी सांगत नाही. आपल्याला मागायची सवय नाही, म्हणून आपले लोक त्या 733 वर कुढत बसतात आणि खरी मदत तशीच पडून राहते.

2019 पासून मी टेबलाच्या पलीकडे बसते. वेल्फेअरवरच्या लोकांना कामाला लावणं, हीच माझी नोकरी. मागे एक गृहस्थ आले होते, वीस वर्षं स्वयंपाकी. मुलाखतीला जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. इंग्रजी चांगलं, हात चांगला. तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं की ते बोलताना ओठ उघडतच नाहीत. समोरचे चार दात नव्हते. रेझ्युमे बाजूला ठेवला आणि दातांसाठीचा अर्ज भरला. दात बसायला चार महिने लागले, नोकरी लागायला दोन आठवडे. आडकाठी अशी कुठेतरी असते, आणि फॉर्मवर ‘कौशल्याचा अभाव’ असं लिहिलेलं असतं.

आतली एक गोष्ट सांगते. आता पैसे देणारी केसवर्कर वेगळी आणि नोकरी शोधून देणारी संस्था वेगळी. आमच्यासारख्या संस्थांच्या निधीचा काही भाग निकालावर ठरतो. माणूस आठवड्याला 20 तास कामावर आहे का, हे पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला तपासतात. त्यामुळे समोरच्याला पटकन गोदामात लावून द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला आहे. एका बी.एड. झालेल्या बाईला मी पॅकिंगच्या कामावर पाठवलं, कारण तो महिना संपत आला होता. ती अजून तिथेच आहे. म्हणून तुझ्यावर ती वेळ आलीच, तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग, मी शिक्षिका आहे, सर्व्हायव्हल जॉब, म्हणजे पोटापुरतं मिळेल ते काम, करेन पण नोंदणीचे कागद त्यासोबत चालू राहिले पाहिजेत, आणि हे माझ्या आराखड्यात लिहा. लिहून घे. तोंडी बोललेलं केसवर्कर बदलली की हवेत जातं.

आणि पहिले तीन महिने कमावलेला प्रत्येक डॉलर मदतीतून कापतात. पुढे महिन्याला 200 डॉलरपर्यंत कापत नाहीत, त्यावरच्या कमाईतले निम्मे जातात. हे माहीत नसलं की पहिल्या पगाराला फार वाईट वाटतं. मुलांसाठी सरकार देतं ते चाइल्ड बेनिफिट मात्र वेगळं, ते यात धरत नाहीत. आल्या आल्या त्याचा अर्ज कर आणि उत्पन्न शून्य असलं तरी दर वर्षी टॅक्स रिटर्न भर, नाहीतर तेही थांबतं.

कॅनेडियन एक्स्पीरिअन्स, म्हणजे इथे आधी काम केल्याचा अनुभव हवा या अटीबद्दल नवऱ्याला सांग, की 2026 च्या 1 जानेवारीपासून 25 किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या मालकाला जाहिरातीत ती अट घालता येत नाही. मुलाखतीत अजून विचारतात. तरीही आमच्या वेळेपेक्षा बरं आहे.

एकटेपणाचं विचारलं होतंस. वाटतो. डिसेंबरात पावणेपाचला अंधार होतो. रोज चालायला जायचं, लायब्ररीचं कार्ड काढायचं, मंडळाच्या गणपतीला जायचं. एवढं पुरतं.

तू मुलगी सातवीत आहे असं लिहिलंस, तिथे मी थांबले होते. माझा मुलगाही सातवीतच आला. 2016 च्या फेब्रुवारीत, तो आठवीत असताना, शाळेतून एक कागद आला. नववीला कोणते विषय, आणि प्रत्येकापुढे दोन चौकटी, अकॅडेमिक आणि अप्लाइड. त्यावर पालकांची सभा होती गुरुवारी संध्याकाळी. त्याच संध्याकाळी मला वेल्फेअरकडून रेझ्युमे लिहायच्या वर्गाला बोलावलं होतं. नाही गेले तर पैसे अडतील अशी भीती, महिना दीड महिनाच झाला होता. मी वर्गाला गेले. मार्जिन किती ठेवायचं ते दोन तास ऐकलं. घरी येऊन त्या कागदावर गणितापुढे अप्लाइडवर खूण केली. मी इंजिनिअर. आपल्याकडे अप्लाइड मॅथ्स म्हणजे इंजिनिअरिंगचं गणित. मला वाटलं, वरचं तेच असणार. सही केली आणि त्याच्या दप्तरात ठेवला.

अप्लाइड म्हणजे विद्यापीठाकडे न जाणारी वाट, हे मला तो अकरावीत गेल्यावर कळलं. त्याला गणित आवडायचं. शाळेतल्या कुणीही मला फोन करून विचारलं नाही, की बाई, याचे मार्क चांगले असताना तुम्ही हे का निवडताय. बहुतेक त्यांना वाटलं असेल, वेल्फेअरवरचं घर, आईला एवढंच हवं असेल. तो आता हीटिंग आणि एसीचं काम करतो, पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि विषय काढला की ‘आई, सोड ना’ म्हणतो. मला सोडता येत नाही. त्या कागदाची पिवळी प्रत अजून माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे.

नववीतली ती विभागणी आता बंद झाली, 2021 ला गणितात, 2022 ला बाकी विषयांत. दहावीत अजून आहे. तुझी मुलगी नववीत असताना असा एक कागद येईल. त्या संध्याकाळी दुसरं कोणतंही बोलावणं असलं, कुणाचंही असलं, तर आधी फोन करून सांग की मुलीच्या शाळेत सभा आहे, दुसरी तारीख द्या. देतात. मी तेव्हा विचारलंच नव्हतं.

तारीख ठरली की कळव. पहिल्या आठवड्यात शाळेत नाव घालायला जाशील, तेव्हा मी येते तुझ्यासोबत.