सामना बघायचा हक्क तुमचाही आहे

प्रश्न : मी ६४ वर्षांची, सांगलीची निवृत्त शिक्षिका. लहानपणी वडिलांच्या मांडीला मांडी लावून रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत क्रिकेट शिकले. आता सामना लागला की टीव्हीवर तिघं-तिघं एकदम ओरडतात, संपला की चर्चेत भांडतात, आणि आमचे हे आवाज ४५ वर नेऊन ठेवतात. कमी करा म्हटलं की, ‘तुला त्रास होतो तर आत जा.’ महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यालाही शेवटी मी उठून आत गेले. माझंच वय झालंय का?

उत्तर : बाई, नाही. तुमचं काही चुकत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ची ती रात्र. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झालेला. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे धावत झेल घेतला आणि विश्वचषक आपला झाला. तुमच्या सांगलीची स्मृती मानधना तिकडे मैदानात, आणि तुम्ही इकडे एकट्या स्वयंपाकघरात. वाचून पोटात तुटलं माझ्या.

तुमचा कान रेडिओवर तयार झालाय. रेडिओवर बोलणं थांबलं की सामनाच दिसेनासा होतो, म्हणून तिथे सतत बोलावंच लागतं. टीव्हीवर चेंडू समोर दिसत असतो. ऑस्ट्रेलियाचे जुने समालोचक रिची बेनॉ हे ओळखून होते. चित्रात भर घालण्यासारखं काही असेल तरच ते तोंड उघडायचे, आणि त्यांच्या गप्प राहण्यातही सामना रंगायचा. आता प्रादेशिक भाषांतले समालोचक पुष्कळदा मैदानात नसतातच. स्टुडिओत बसून तुमच्याआमच्यासारखेच पडद्याकडे बघून बोलतात. मैदानातली हवा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, मग ती उणीव आवाज चढवून भरून काढली जाते. तुम्हाला खटकतं ते यामुळे, आणि ते खटकायलाच हवं.

आता यजमानांबद्दल. ४५ हा आकडा मला सारखा टोचतोय. वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त अशी अक्षरं निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. त्यात तिघं एकदम बोलले की सगळाच गोंधळ, आणि माणूस रिमोट हातात घेतो. फोनवर ते ‘काय? काय?’ करतात का? हाक मारल्यावर दुसऱ्यांदा ओ देतात का? तसं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. अर्ध्या तासाचं काम, दुखत-खुपत नाही. मात्र हे सामना चालू असताना काढू नका. सकाळी चहाच्या वेळी, आणि ‘तुम्ही बहिरे झालात’ अशा सुरात तर नकोच. ‘मला काळजी वाटते, आपण दोघंही तपासून घेऊ,’ म्हणा. तुमचीही तपासणी होऊन जाईल.

तोवर घरात एक ठरवून टाका : शेवटचा चेंडू पडला की टीव्ही बंद. संघात कोण हवा होता, कोण नको, यावर भांडणारी ती चार डोकी ऐकून कोणाचंच भलं होत नाही. त्या वाहिन्यांना वाद हवा असतो, क्रिकेट नाही. सामना चालू असताना आवाज पूर्ण बंद करू नका, बॅटचा टणत्कार आणि प्रेक्षकांचा हुंकार जाईल. समालोचनाची भाषा बदलून बघा. एखादी जोडी शांत बोलणारी निघते.

आणि ‘आत जा’ हे ऐकून घेऊ नका. त्यांना नीट समोर बसून सांगा की अंतिम सामन्याचा तो झेल मी पाहिला नाही, आणि त्याचं मला अजून दुःख आहे. वडिलांबरोबर रेडिओ ऐकायच्या तेही सांगा. कदाचित इतक्या वर्षांत हे त्यांना माहीतच नसेल. पुढचा सामना असेल त्या दिवशी ओटा आधी आवरून ठेवा आणि पहिल्या षटकापासून बाहेरच्या खुर्चीत बसा.

तुमची,
ताई