व्हेस्टिब्युलर न्यूरायटिसनंतरचे (आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नसेला आलेल्या सुजेनंतरचे) व्यायाम केले की आईला जास्तच गरगरतं. बंद करावेत का?

बंद करू नका, प्रमाण कमी करा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही लिहिलंय तसे पेशंट नेहमी येतात: तापानंतर एकदम गरगरलं, दोन दिवस उलट्या, ईएनटीकडे निदान झालं. आता दोन महिन्यांनी घर गरगर फिरताना दिसायचं थांबलंय, पण चालताना तोल जातो. त्यात डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या थांबवून मान हलवायला सांगितली, आणि नेमकं त्यानेच गरगरतं. घरच्यांना ही शिक्षाच वाटते.

पण थोडं गरगरल्याशिवाय हा व्यायाम कामच करत नाही. आपण मान वळवतो तेव्हा आतला कान डोळ्यांना तेवढंच उलट दिशेला वळवतो, म्हणून समोरचं स्थिर दिसतं. एका कानाची नस दुखावली की डोळे मागे पडतात आणि समोरचं चित्र सरकतं. नेमकं किती चुकलं हे मेंदूला त्या सरकण्यावरूनच कळतं, आणि तो हळूहळू दुरुस्ती करतो. नस पूर्ण बरी होईलच असं नाही. पण ही दुरुस्ती तिच्यासाठी अडून राहत नाही. मान ताठ धरून बसलं तर चूक घडत नाही, मग दुरुस्ती तरी कशाची होणार?

हे लक्षात आलं 1940च्या दशकात इंग्लंडमध्ये. डोक्याला मार लागलेले आणि कानाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण पडून राहण्यापेक्षा हिंडते-फिरते ठेवले की लवकर सावरतात, असं कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांना दिसलं. त्यांनी बसवलेले व्यायाम आजही आपल्याकडे झेरॉक्सच्या कागदावर वाटले जातात. पुरावा म्हणाल तर 2015च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) 39 चाचण्या आणि 2441 रुग्ण होते, सगळे एका बाजूच्या कानाच्या बिघाडाचे, म्हणजे आईंसारखेच. व्यायाम सुरक्षित आणि उपयोगी, असा निष्कर्ष निघाला. अमुकच पद्धत सर्वांत चांगली, असं मात्र त्यातून ठरत नाही.

त्या झेरॉक्सबद्दल माझी एक तक्रार आहे. तो सुरू होतो मान स्थिर ठेवून नुसते डोळे फिरवण्यापासून, आणि बरेच पेशंट तिथेच अडकतात. अमेरिकी फिजिओथेरपिस्टांच्या 2022च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की नुसते डोळ्यांचे व्यायाम देऊ नयेत. मान हललीच पाहिजे. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एका आकड्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी, मग वर-खाली. आकडा पुसट व्हायला लागेल, त्याच्या जरा आतला वेग ठेवायचा. आईंच्या टप्प्याला दिवसातून तीनदा, सगळं मिळून किमान 12 मिनिटं. सुरुवातीला बसून आणि अर्धा-अर्धा मिनिटच करू दे. माझा हिशेब असा: दहापैकी दोन-तीन गुणांनी चक्कर वाढली आणि पंधरा-वीस मिनिटांत शमली तर ठीक. तासभर टिकली, मळमळलं, तर दुसऱ्या दिवशी वेग आणि वेळ निम्मा. तोलाचे व्यायाम, म्हणजे पाय जुळवून उभं राहणं, मग डोळे मिटून, मग गादीवर, हे भिंतीच्या कोपऱ्यात आणि कोणीतरी जवळ असतानाच.

गोळ्या थांबवल्या ते बरंच झालं. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनसारखी औषधं उलट्यांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लागतात. पुढे महिनोन्महिने चालू राहिली तर मेंदूची ही दुरुस्तीच मंदावते, आणि वय झालेल्या माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं असे पार्किन्सनसारखे त्रास होऊ शकतात. शेजारचं कोणी ‘मानेच्या मणक्यात गॅप असेल, पट्टा लावा’ म्हणालं तर ऐकू नका. पट्ट्याने मान हलायचीच थांबते.

एक गोष्ट आईंना विचारा: अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद जोरात गरगरतं का? न्यूरायटिसनंतर कधीकधी कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडतात. तसं असेल तर त्या त्रासावर या व्यायामांपेक्षा एप्ली मॅन्युव्हर (डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर नेण्याची पद्धत) जास्त लवकर उपयोगी पडतं. बहुतेकदा एक-दोन बैठकींत काम होतं, पण आधी तपासून घ्या. आणि एकाचं दोन दिसणं, बोबडं बोलणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा अचानक भयंकर डोकेदुखी यांतलं काहीही झालं, तर व्यायाम-बियाम सोडून थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.