पंतोजींच्या शाळेचं चित्र

प्रिय चिऊ,

संग्रहालयातलं शाईचं चित्र पाहून तू दोन प्रश्न विचारलेस: गुरुजी शिकवायचं सोडून नुसते बसलेत का, आणि यात एकही मुलगी का नाही? दोन्ही मला फार आवडले, म्हणून सावकाश लिहून उत्तर देतोय.

ती आपल्याकडची पेशवाईच्या काळातली शाळा आहे. इमारत नाही, कुणाच्या तरी घराची ओसरी. लोडाला टेकून बसलेत ते पंतोजी. आता त्यांच्यावरची नजर काढून डावीकडे बघ. एका मोठ्या मुलाने छोट्याचा हात हातात धरलाय. शिकवणं तिथे चाललंय. ज्याला येतं त्याने पुढच्याला शिकवायचं, पंतोजींनी सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. मद्रासजवळच्या एका शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना अँड्र्यू बेल या पाद्र्याने पाहिली. मुलांनीच मुलांना शिकवायची पद्धत त्याने आपल्या शाळेत राबवली आणि 1797 साली लंडनला त्यावर पुस्तिका छापली. पुढे इथे इंग्लंडमध्ये कितीतरी गरीब मुलं त्याच रीतीने शिकली.

छोट्याच्या पुढ्यात धुळपाटी आहे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवून पुन्हा. कागद महाग होता. हात बसल्यावरच बोरू आणि शाई मिळे. मग मोडीचा कित्ता गिरवायचा, कारण हिशेब आणि पत्रं मोडीत लिहीत.

मागच्या रांगेतल्या सगळ्यांची तोंडं उघडी आहेत ना? मला वाटतं, परवचा, म्हणजे पाढे एका सुरात म्हणणं, चाललाय. ते नुसते बे ते तीसचे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे थेट साडेतीनचा पाढासुद्धा! दीड रुपया शेर दराने सात शेर तूप घेतलं, तर दीडकी येणारा मुलगा कागद न घेता साडेदहा रुपये सांगे. अर्थात, अर्थ न कळता घोकणारेही असतील. आणि कोपऱ्यात अंगठे धरून ओणवा उभा आहे तो खेळत नाहीये, त्याला शिक्षा झालीय. ती रीत वाईटच होती, तिचं कौतुक मी करणार नाही.

आता मुली. चित्रकार त्यांना काढायला विसरला नाही. त्या ओसरीवर त्यांना बसूच देत नसत. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांच्या मुलग्यांनाही नाही. म्हणून जुनं चित्र बघताना कोण दिसत नाही हेही विचारायचं, आणि ते तू आपणहून विचारलंस.

1848 साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. लोकांनी सावित्रीबाईंवर शेण फेकलं, तरी त्या रोज शिकवायला जात. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. महार-मांगांवर होणाऱ्या अन्यायाबद्दल तिने त्यात न घाबरता जाब विचारलाय. भाषा जुनी आहे, तुला अडेल. रविवारी आपण तो मिळून वाचू. तू मोठ्याने वाच, अडलेले शब्द मी सांगतो.

तुझा,
बाबा